घरी सीएनसी राउटर बांधतोय: रेल कोणती, मोटर कोणती?

रंधा_पटाशी

नमस्कार मंडळी,

सावंतवाडीजवळ आमचं सुतारकाम आहे, आजोबांपासून चालत आलेलं. देव्हारे, जाळीची दारं, चौरंग, पाट, चतुर्थीच्या आधी मखरं. जाळी आजवर हातानेच कोरत आलो. गेल्या वर्षापासून उजवं मनगट साथ देत नाही. सलग दोन तास पटाशी चालवली की बोटं बधिर होतात. म्हणून जाळीचं कच्चं काम यंत्राकडे द्यायचं आणि शेवटचा हात आपला ठेवायचा, असं ठरवलं आहे.

तयार सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या हुकमाने कटर चालवणाऱ्या यंत्राच्या) किमती झेपणाऱ्या नाहीत, तेव्हा स्वतः बांधणार. वेल्डिंग मला येतं, गावात लेथ आहे, वायरिंग धाकटा भाऊ करतो. कामाचं क्षेत्र ६०० बाय ९०० मिमी. लाकूड साग, शिवण, फणस, कधीमधी एमडीएफ. नावाच्या पाट्यांसाठी ३ मिमी ॲल्युमिनियम कापता आलं तर हवंच आहे. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) धरून एक लाख रुपये हाताशी आहेत. सांगाडा ५० बाय ५० चौकोनी पाइपचा करेन म्हणतो.

अडलोय ते रेल (ज्यावर यंत्राचे भाग सरकतात ती) आणि ते भाग हलवणाऱ्या मोटरवर. रेलमध्ये कुणी व्ही-चाकं सांगतं, कुणी ॲल्युमिनियमच्या आधारावरचा गोल दांडा म्हणजे एसबीआर, कुणी चौकोनी एचजीआर. मोटर नेमा २३ मापाची स्टेपर (छोट्या ठराविक टप्प्यांनी फिरणारी) घ्यायची एवढं ठरलं, पण तिच्यातही १० किलो-सेमी, १९, ३० असे आकडे दिसतात. मोठा आकडा तो चांगला का? आणि क्लोज्ड लूपला (आपण नीट फिरलो का ते स्वतः तपासणाऱ्या मोटरला) जास्तीचे पैसे घालावेत का? ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी जरूर लिहा.

भोसरीकर

चौकोनी रेल, डोळे मिटून. दुसरा विचारच नको.

शिरोली_लेथ

भोसरीकर, रेल बरोबर सांगितलीत, पण डोळे मिटून नको.

भावा, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. एचजीआर रेल हातात धरली की पहारीसारखी वाटते, पण बोल्ट आवळले की ती खालच्या पृष्ठभागासारखी होते. खालचं वाकडं असेल तर रेलही वाकडी.

माझं पहिलं मशीन तू म्हणतोस तसंच होतं, ५० बाय ५० चा पाइप. वेल्डिंग केलं, रंग मारला, वर एचजीआर २० (२० मिमी रुंद) आवळली. ब्लॉक (रेलवर सरकणारा ठोकळा) दोन्ही टोकांना लोण्यातून जावा तसा जायचा आणि मधल्या वीतभर पट्ट्यात हाताने ढकलला तर अडायचा. मला वाटलं ब्लॉक खराब आला. शेवटी शेजारच्या गाळ्यातून डायल (उंचसखलपणा मोजणारं घड्याळ) आणून लावला. पाइप मधोमध ०.४ मिमी खाली. वेल्डिंगच्या टाक्यांनी ओढला होता. तसंच चालवलं, तर तीन महिन्यांत एक ब्लॉक कर्रकर्र वाजायला लागला. उघडून पाहिला, गोळ्यांच्या वाटेवर खवले निघालेले.

म्हणून पाइपवर ५० बाय १२ ची पट्टी वेल्ड कर, सगळं वेल्डिंग संपव, आणि त्यानंतरच ती पट्टी मशीनिंगला टाक. टाके एका दमात ओढायचे नाहीत, समोरासमोर आलटून पालटून, मध्ये गार होऊ द्यायचं. मशीनिंग झाल्यावर सांगाड्याला परत वेल्डिंगचा गन लावायचा नाही, एक कानसुद्धा जोडायचा नाही. आंबोली चढून आजऱ्यावरून इकडे कोल्हापूरला आलास तर शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला प्लॅनरवर एका सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्या घासून मिळतील. एका सेटिंगमध्ये, हे महत्त्वाचं. तरच दोन्ही एका पातळीत येतात.

नाशिकची_पाटी

एसबीआरची बाजू कुणीच मांडत नाही, तर मी मांडतो.

अंबडला माझा पाट्यांचा गाळा आहे. एसबीआर २० वर सहा वर्षं रोजचं काम चालू आहे, एमडीएफ, ॲक्रिलिक, कंपोझिट शीट. पाइप मशीनिंग केलेला नाही. गोल दांड्याचा ब्लॉक थोडा वाकडेपणा पोटात घालतो, चौकोनी रेलचा घालत नाही. ब्लॉकला बाजूला छोटा स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळला की ढिलाई निघते. सहा वर्षांत बेअरिंगं दोनदा बदलली, तीही अर्ध्या दिवसात.

लेथवाल्यांचं मशीन माझ्यापेक्षा अचूक असणार, वादच नाही. पण प्रत्येकाला प्लॅनर परवडतो असं नाही, आणि मशीन बांधून उभं राहणं हीसुद्धा एक पायरी आहे. ॲल्युमिनियम मात्र माझ्या मशीनवर नीट होत नाही. कटर कुरकुरतो आणि कडेला लाटा येतात, हे प्रामाणिकपणे सांगतो.

वेताळटेकडी

तंत्रनिकेतनात यंत्र विभागात शिकवते, म्हणून गणित करून दाखवते. एक गफलत टळावी म्हणूनही लिहिते आहे. नाशिकचे दादा सांगताहेत तो दांडा पूर्ण लांबीभर खालून धरलेला आहे. बाजारात तसाच दिसणारा, फक्त दोन टोकांना धरलेला दांडाही मिळतो, आणि तो स्वस्त असतो.

१६ मिमी व्यासाचा पोलादी दांडा, दोन टोकांवर टेकलेला, अंतर ६०० मिमी, मधोमध ५० न्यूटन, म्हणजे साधारण ५ किलोचा जोर. तो ०.३५ मिमी वाकतो. २० मिमीचा घेतला तर ०.१४. कारण व्यास चौथ्या घातात मोजला जातो आणि लांबी तिसऱ्या. तोच १६ चा दांडा ९०० मिमीला लावा, १.२ मिमी वाकेल. जाळीची काडी ३ मिमीची असेल तर १.२ मिमी कुठे लपवणार? तेव्हा टोकांना धरलेला दांडा या मापाला बाद.

आधारावरचा एसबीआर वाकत नाही, पण त्याचा ब्लॉक खालून उघडा असतो. दाबाखाली तो चांगला, वर उचलणाऱ्या जोराला कमकुवत. कटर लाकडात खाली शिरताना वर ढकलला जातो तेव्हा हाच जोर येतो. चौकोनी रेलचा ब्लॉक दोन्ही बाजूंनी रेलला कवेत घेतो, त्यामुळे वर, खाली, आडवं सगळीकडे सारखा ताठ राहतो.

व्ही-चाकं लेझरला ठीक. लाकडाचा भुसा चाकाखाली दाबून बसतो आणि वाट खडबडीत होते.

रंधा_पटाशी

ताई, हे गणित भावाला वाचून दाखवलं. आम्ही टोकांना धरलेलाच दांडा बघून ठेवला होता, वाचलो. देव बरे करो.

चौकोनीच घेतो. पण १५ ची की २०ची? किमतीत फरक आहे. आणि प्लॅनर नाही जमला तर दुसरा काही उपाय?

शिरोली_लेथ

भाराचं म्हणशील तर १५ च्या एका ब्लॉकची क्षमताच हजार किलोच्या पुढे असते. तुझी गॅन्ट्री (रेलवर सरकणारा आडवा पूल), स्पिंडल सगळं धरून पन्नास किलो होणार नाही. भाराने निर्णय होत नाही.

निर्णय होतो बोल्टने. दोन्हींची भोकं ६० मिमी अंतरावर, पण १५ ला एम ४ बोल्ट आणि २० ला एम ५. तुझ्या लांब बाजूच्या रेल साधारण १२०० च्या, आडव्या ९०० च्या. म्हणजे वीस-वीस आणि पंधरा-पंधरा, सत्तर भोकं. सत्तर टॅप हाताने मारायचे, म्हणजे भोकांत आटे पाडायचे आहेत. एम ४ चा टॅप पोलादात तुटला की तो काढताना देव आठवतो. एम ५ ला थोडी माया असते. लांब आणि आडव्या दोन्हींना २०, झेडला (वर-खाली चालीला) १५ पुरे.

प्लॅनर नसेल तर इपॉक्सी ओतायची. पट्टीच्या कडेने चिकटपट्टीची बांध घाल, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मध्ये एका तात्पुरत्या कालव्याने जोड, आणि पातळ, सावकाश सुकणारी इपॉक्सी ओत. पाण्यासारखी ती स्वतःची पातळी शोधते, आणि कालव्यामुळे दोन्हीकडे एकच पातळी येते. कडेला ती चढते, म्हणून ओत रेलपेक्षा बरीच रुंद ठेव. थर ५-६ मिमी. हलवायचं नाही, वर झाकायचं, पूर्ण कडक होईपर्यंत हात लावायचा नाही. मी एका मित्राच्या मशीनला केलंय, चांगलं निघालं.

मिसळ_आणि_मायक्रॉन

बांधाबंदिस्ती, कालवा, पातळी... लेथराव, तुम्ही पाटबंधारे खात्यात असायला हवे होतात! :)

ठाण्याचा_सर्किट

मोटरकडे वळू.

मोटरवर लिहिलेला आकडा म्हणजे होल्डिंग टॉर्क, मोटर थांबलेली असताना ती किती जोर धरून ठेवते तो. आपल्याला जोर हवा असतो फिरताना. स्टेपर जसजशी जोरात फिरते तसा तिचा जोर उतरतो, आणि किती उतरतो ते तिच्या इंडक्टन्सवर (गुंडाळी करंट बदलायला किती विरोध करते त्यावर) आणि तुम्ही दिलेल्या व्होल्टेजवर ठरतं. गुंडाळीत करंट चढायला वेळ लागतो. वेगात तेवढा वेळच मिळत नाही.

जुना ठोकताळा असा: इंडक्टन्स मिलिहेन्रीत घ्या, वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा. तेवढे व्होल्ट त्या मोटरला मानवतात. ३ मिलिहेन्रीची मोटर असेल तर ५५ व्होल्ट. १० ची असेल तर १०१. तुमचा नेहमीचा ड्रायव्हर (मोटरला वीज सोडणारी पेटी), डीएम ५४२, ५० व्होल्टपर्यंतच चालतो. म्हणजे १० मिलिहेन्रीवाली मोटर त्यावर कायम उपाशी राहणार. ३० किलोची मोटर ६०० आरपीएमला (मिनिटाला ६०० फेरे) १९ किलोच्या मोटरमागे पडलेली मी स्वतः पाहिली आहे, याच कारणाने.

तेव्हा दुकानदाराला किलो विचारू नका, इंडक्टन्स आणि करंट विचारा. १९ किलो-सेमी, ३ मिलिहेन्रीच्या आसपास, ड्रायव्हर डीएम ५४२, पुरवठा ३६ व्होल्ट. ४८ लावला तर ५० ची मर्यादा फार जवळ येते. मोटर थांबताना उलटा दाब देते, त्यासाठी जागा ठेवा.

वेताळटेकडी

याला पूरक. १६०५ बॉलस्क्रू (मोटरचं फिरणं सरळ चालीत बदलणारा, गोळ्यांवर चालणारा स्क्रू), म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी. मोटरने फिरताना फक्त १ न्यूटन-मीटर दिला, म्हणजे सुमारे १० किलो-सेमी, आणि स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर पुढे ढकलणारा जोर १,१३० न्यूटन होतो. जवळजवळ ११५ किलो. लाकडात ६ मिमी कटरला लागणारा जोर यापुढे अगदीच थोडा. मोटर कमी पडत नाही, सांगाडा कमी पडतो.

खडकवासला_वारा

सर्किट, मायक्रोस्टेप (एका स्टेपचे तुकडे) ३२ वर ठेवलं की अचूकता वाढते ना? मी तेच केलंय.

ठाण्याचा_सर्किट

चाल गुळगुळीत होते, आवाज कमी होतो. अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, कारण दोन पूर्ण स्टेपांच्या मधल्या जागी मोटर भाराखाली थोडी सरकते. शिवाय वेग जातो. हिशोब बघा: एका फेऱ्याला २०० स्टेप. ८ वर ठेवलं तर १,६०० पल्स (मोटरला जाणारे विजेचे ठोके), भागिले ५ मिमी, म्हणजे मिमीला ३२०. उनो बोर्डावरचं जीआरबीएल (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) सेकंदाला सुमारे ३० हजार पल्स देतं. त्यात मिनिटाला ५,६०० मिमी वेग बसतो. ३२ वर ठेवलं की मिमीला १,२८० पल्स, वेग १,४०० वर येतो. तुमचं मशीन हळू चालतं अशी तक्रार तुम्हीच मागच्या महिन्यात केली होती, आठवतंय?

खडकवासला_वारा

आठवतंय. आज रात्रीच ८ वर आणतो. मोटरला उगाच बोल लावत होतो मी.

फणसाची_फळी

देवरुखहून. माझं छोटं युनिट आहे, पाट्या आणि देवघरं. क्लोज्ड लूपबद्दल एक अनुभव सांगते, कारण मी त्यात पैसे घालवले आहेत.

सागाची पाटी, अडीच फुटी, एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी. तिसऱ्या तासाला शेवटची ओळ दोन मिमी सरकली. फळी गेली. सगळे म्हणाले मोटर स्टेप चुकते, मोठी घ्या. मोठी घेतली, पुन्हा तेच. मग म्हणाले क्लोज्ड लूप घ्या. तीही घेतली, आणि तिसरी फळी गेली.

शेवटी एका रात्री मुलीची पांढरी नेलपॉलिश घेतली आणि जिथे मोटरचा दांडा कपलिंगमध्ये (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्यात) जातो तिथे दोघांवरून मिळून एक सरळ रेघ ओढली. मशीन चालू ठेवलं. अर्ध्या तासाने बॅटरी मारून पाहिलं, रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळायचा स्क्रू) गुळगुळीत गोल दांड्यावर घसरत होता. चिमटा-पद्धतीचं कपलिंग लावलं आणि त्यानंतर आजवर एक फळी वाया गेलेली नाही.

ठाण्याचा_सर्किट

फळीताई, हे सगळ्यांनी लिहून ठेवावं असं आहे. क्लोज्ड लूपचा एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) मोटरच्या पाठीवर असतो. कपलिंग पुढे घसरलं तर मोटरच्या दृष्टीने सगळं जागेवरच. तिने ते पकडलंच नसतं.

क्लोज्ड लूप वाईट नाही. खरंच स्टेप चुकली तर मशीन थांबवून ती सांगते, आणि कमी तापते. पण या बजेटमध्ये तो फरक मी सांगाड्याच्या मशीनिंगला देईन.

अलिप्त_वाचक

विषयांतर वाटेल, पण विचारतो. सावंतवाडी म्हटलं की चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी आठवतात, ती माणसाच्या हाताची म्हणूनच घ्यावीशी वाटतात. यंत्राने कोरलेली जाळी देव्हाऱ्याला लावली, तर ती हातची म्हणून विकणार का? माझ्या आईने असाच एक देव्हारा हातचा समजून घेतला होता, नंतर कळलं तेव्हा तिला फार लागलं.

रंधा_पटाशी

योग्य विचारलंत, राग नाही. गिऱ्हाइकाला सांगूनच देणार, आणि दरही वेगळा ठेवणार. वडिलांशी यावर दोन महिने बोलणं चाललं होतं. ते म्हणाले, आरपार भोक पाडणं ही हमाली आहे, ती यंत्राने करावी. काडीची कड उतरवणं, पाकळीला पोट देणं, पानाची शीर काढणं, ही कला आहे, ती तू कर. मनगट त्या दोन दिवसांपुरतं पुरेल असं मलाही वाटतं. आईंना सांगा, सावंतवाडीला आल्या तर घरी यावं, वडील अजून बसतात कामाला.

अलिप्त_वाचक

वडिलांना माझा नमस्कार सांगा. नक्की येऊ.

ओंटारिओ_गॅरेज

इथून एक सल्ला. जुन्या यंत्रातून निघालेल्या रेल फार स्वस्तात मिळतात. भारतातही भंगारात चांगल्या जपानी रेल सापडतात असं भाऊ सांगतो. घेताना रेलच्या गोळ्यांच्या वाटेवरून नख फिरवा. नख अडलं तर सोडून द्या. ब्लॉक सरकवताना खरखर नको, आणि दोन्ही रेल एकाच यंत्रातल्या असाव्यात.

आणि ब्लॉक रेलवरून कधीही तसाच ओढून काढू नका. सोबत प्लास्टिकचा खोटा रेलतुकडा येतो, तो टोकाला लावून ब्लॉक त्यावर सरकवायचा. नाहीतर गोळ्या बाहेर. मी जमिनीवर जुनी चादर पसरून एकेक गोळी गोळा केली आहे, आणि दोन मिळाल्याच नाहीत.

मांडवीकाठ

पणजीहून. कोकणात राहणाऱ्याने गंजाचं गणित आधी मांडावं. जूनमध्ये मशीन आठ दिवस बंद ठेवलं तर रेलवर तांबूस ठिपके येतात, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने अजून लवकर. वरून सागाचा भुसा ओलावा धरून रेलवर बसतो, तो तर ओलं फडकं टाकून ठेवल्यासारखाच.

दिवस संपला की आधी ब्रशने भुसा काढायचा, मग कोरडं फडकं, मग पातळ तेलाचा हात. उघड्या रेलवर ग्रीस थापू नका, भुसा त्याला चिकटून काचकागदासारखं काम करतो. ग्रीस ब्लॉकच्या निप्पलमधून आत द्यायचं. पावसाळ्यात मी मशीनवर चादर टाकून आत एक ६० वॉटचा बल्ब लावून ठेवतो. लोणच्याच्या बरण्या आणि मशीन, दोन्हीला दमटपणा चालत नाही!

भोसरीकर

पहिला प्रतिसाद एका ओळीचा दिला होता, त्याची भरपाई करतो. कुणी न सांगितलेली गोष्ट: झेड.

बॉलस्क्रू उलटाही फिरतो. साधा चौकोनी आट्यांचा स्क्रू वजनाने खाली घसरत नाही, बॉलस्क्रू घसरतो. ८० मिमी व्यासाचा वॉटरकूल्ड स्पिंडल आणि त्याची प्लेट मिळून सहा-सात किलो सहज होतात. मोटरला वीज आहे तोवर ती धरून ठेवते. तुमच्याकडे पावसात लाइट जाते ना? लाइट गेली की झेड सावकाश खाली येतो आणि कटर लाकडावर टेकतो. स्पिंडल अजून गिरकी घेत असतो, त्यामुळे तिथे गोल खड्डा पडतो. माझ्याकडे पडला आहे, तयार कामाच्या मधोमध.

उपाय दोन. ब्रेकवाली मोटर, किंवा गाडीच्या डिकीला असतो तसा गॅस स्प्रिंग लावून वजन तोलायचं. मी गॅस स्प्रिंग लावला. झेडला ४ मिमी लीडचा (एका फेऱ्याला ४ मिमी सरकणारा) स्क्रू घेतला तर घसरण थोडी कमी होते, बंद होत नाही.

वेताळटेकडी

स्क्रूच्या वेगाची मर्यादाही पाहा. लांब स्क्रू ठराविक आरपीएमनंतर दोरीउडीच्या दोरीसारखा पोटातून फिरू लागतो. १६ मिमी स्क्रू, एका टोकाला घट्ट धरलेला, दुसऱ्याला नुसता आधार, मधलं अंतर १००० मिमी: सुरक्षित वेग सुमारे १,५०० आरपीएम. ५ मिमी लीडने मिनिटाला साडेसात मीटर, तुम्हाला भरपूर. अंतर १५०० झालं की तोच ७०० वर येतो. म्हणून पुढेमागे चार फुटांच्या वर जायचं असेल तर रॅक-पिनियनचा (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) विचार करावा, या मापाला १६०५ योग्य.

लांब बाजूला दोन्हीकडे एकेक स्क्रू आणि एकेक मोटर ठेवा. मधोमध एकच स्क्रू असला तर कटर एका टोकाला असताना गॅन्ट्री तिरपी होते.

शिरोली_लेथ

आणि रेल बसवताना: एक रेल मुख्य. तिला डायल लावून सरळ कर, मधल्या बोल्टपासून टोकांकडे आवळत जा. दुसरी रेल ढिली ठेव. गॅन्ट्री चढव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चालव, आणि गॅन्ट्री जिथे असेल तिथला बोल्ट आवळ. दुसरी रेल आपोआप पहिलीशी समांतर बसते. पट्टीने मोजून समांतर करायला जाऊ नकोस.

रंधा_पटाशी

मंडळी, साडेचार महिन्यांनी परत आलो. चतुर्थीची कामं, मग पाऊस, म्हणून उशीर.

मशीन उभं आहे. पाइपवर पट्टी वेल्ड करून टेम्पोने आंबोली चढवली, गोकुळ शिरगावला प्लॅनरवर घासून घेतली. एचजीआर २० लांब आणि आडव्या बाजूंना, झेडला १५. सगळीकडे १६०५. चार मोटरी १९ किलो-सेमीच्या, दुकानात इंडक्टन्स विचारला तर आधी दुकानदार बघतच राहिला, मग कागद शोधून दिला: २.८. ड्रायव्हर डीएम ५४२, ३६ व्होल्ट. कपलिंगं चिमट्याची, आणि तरी प्रत्येकावर पांढरी रेघ ओढली आहे. झेडला गॅस स्प्रिंग. सत्तर टॅप मारले, एकच तुटला, तोही शेवटून तिसरा.

ब्लॉक एका बोटाने ढकलला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा जातो. वडील सकाळी येऊन तेच करत बसतात.

एक अडचण आहे. चौकोन कापला तर गुण्या लावल्यावर किंचित उजेड दिसतो. गॅन्ट्री काटकोनात नाही. किती तिरपी आहे ते मोजायचं कसं आणि सुधारायचं कसं? मीटर-टेपवर तेवढं कळत नाही.

वेताळटेकडी

अभिनंदन! टेप ठेवून द्या. ६०० बाय ८०० च्या चार कोपऱ्यांवर यंत्रानेच ६ मिमीची चार भोकं पाडा आणि त्यात ६ मिमीच्या पिना ठोका. ६००, ८००, कर्ण बरोबर १०००. आता एक सरळ पट्टी घ्या, तिच्या दोन टोकांना खिळे असे मारा की ती छोट्या कर्णावरच्या दोन पिनांमध्ये बिनफटीची बसेल. तीच पट्टी मोठ्या कर्णावर ठेवा आणि जी फट दिसेल ती फिलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पानांच्या मापाने) मोजा.

फट ०.६ आली तर ८०० मिमीत तिरपेपणा ०.५ मिमी. फटीला १.२ ने भागायचं.

रंधा_पटाशी

ताई, अगदी ०.६ चीच फट आली! ०.६ चं पान गेलं, ०.६५ चं नाही.

शिरोली_लेथ

तुझ्या दोन स्क्रूंमधलं अंतर किती?

रंधा_पटाशी

८१० मिमी.

शिरोली_लेथ

म्हणजे एका बाजूला अर्धा मिमी सरकवायचा. स्क्रूच्या एका फेऱ्याला ५ मिमी, अर्ध्याला दशांश फेरा, ३६ अंश. वीज बंद कर, मागे राहिलेल्या बाजूचं कपलिंग मोटरकडून ढिलं कर, स्क्रू ३६ अंश फिरव, परत आवळ. नेलपॉलिशची रेघ आहेच, तिच्यावरून कोन मोज. झाल्यावर चार नवी भोकं पाडून परत बघ.

रंधा_पटाशी

झालं. नवी भोकं पाडली, पिना ठोकल्या, पट्टी दोन्ही कर्णांवर सारखीच बसते. ०.०५ चं पान कुठेच शिरत नाही. कपलिंगवर पुसून नवी रेघ ओढली.

आज शिवणीच्या फळीवर पहिली जाळी लावली, आठ पाकळ्यांचं फूल, काडी ३ मिमी. पन्नास मिनिटांत आरपार निघाली. आता वडील पाकळ्यांना पोट देताहेत, मी कडा उतरवतोय. संध्याकाळी फोटो टाकतो.

फणसाची_फळी

फोटोबरोबर कटर कोणता वापरला आणि वेग काय ठेवला तेही लिहा. शिवणीच्या कडा माझ्याकडे फुसकतात.

रंधा_पटाशी

लिहितो ताई. दोन धारी, ३ मिमी, एका पासला दीड मिमी खोल. शेवटचा पास खाली दाबणाऱ्या सर्पिलाने घेतला, वरची कड कापून निघाली तशीच राहिली. वेगाचा आकडा भावाला विचारून संध्याकाळी टाकतो.